चारापट्टा : कापणीविना पीक
रानाचे अर्थकारण – लेखांक ११

अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील बहुतेक जंगल खाजगी मालकीचे असले, तरी त्या जंगलात चरणारे हरीण जमीनमालकाच्या मालकीचे नसते. वन्य प्राणी हे राज्याने सर्व नागरिकांच्या वतीने सांभाळायचे धन आहे, असे तिथले कायदेशीर तत्त्व असून, शिकारीचा हंगाम केव्हा उघडावा, एका परवान्यावर किती नर व किती माद्या माराव्यात, बंदूक चालेल की केवळ धनुष्यबाण, हे सारे राज्याचे वन्यजीव खाते ठरवते. मालकाच्या हाती उरते ती जमीन आणि तिच्यावर काय उगवावे याचा निर्णय. हरणाला आपल्या हद्दीत अडकवून ठेवता येत नसले, तरी त्याला आवडेल असे खाणे आपल्या हद्दीत पेरता येते, आणि या हिशेबातून जी शेती उभी राहिली तिला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला चारापट्टा म्हटले आहे. जंगलातील मोकळ्या जागी, लाकूडतोडीच्या जुन्या वाटेवर किंवा पडीक शेतात, कापणीचा कोणताही इरादा न ठेवता वन्य प्राण्यांसाठी पेरलेले, बहुधा पाव एकरापासून चार-पाच एकरांपर्यंतचे पीक, असा त्याचा अर्थ घ्यावा.

नीलगाय आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा वाचवण्यासाठी मचाणावर रात्री जागवणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला ही कल्पना उफराटी वाटेल, आणि त्यात नवल नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून होणारी शिकार संपली. अमेरिकेत मात्र तीच शिकार वन्यजीव खात्यांच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. परवान्यांचे शुल्क राज्याकडे जाते, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व दारूगोळा यांवरील केंद्रीय कराचा पैसा वन्यजीव व त्यांचे अधिवास यांसाठी राज्यांना वाटला जातो. चारापट्टा पेरणारा माणूस बहुतांशी शिकारीच असतो, ही गोष्ट या विषयावरील लेखनात कधी कधी निसर्गप्रेमाच्या भाषेखाली झाकली जाते. ती आधीच स्पष्ट केलेली बरी.

ज्या दोन प्राण्यांसाठी ही पेरणी मुख्यतः होते, ते दोन्ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाहीसे होण्याच्या बेतात होते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या १९०० च्या सुमारास बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. रानटर्की अनेक राज्यांतून पूर्णपणे पुसली गेली होती. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे फसले, कारण आईच्या मागे फिरून शत्रू ओळखायला न शिकलेले पक्षी रानात तगत नाहीत. मग १९५० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅरोलायनात तोफजाळे वापरून, म्हणजे बारुदाच्या जोराने पक्ष्यांच्या थव्यावर जाळे फेकून, रानातलेच पक्षी पकडण्याची व ते रिकाम्या जंगलांत नेऊन सोडण्याची रीत यशस्वी झाली. हरीण आणि टर्की परत आले, ते या स्थलांतरामुळे आणि शिकारीवरील निर्बंधांमुळे. चारापट्ट्यांचे पेव फुटले ते त्यानंतर, प्राणी मुबलक झाल्यावर; म्हणून चारापट्ट्यांनी हरणे वाचवली असा दावा कुठे वाचायला मिळाला तर तो कालक्रमालाच धरून नाही.

हरणासाठी काय पेरावे हे त्याच्या पोटावरून ठरते. हे हरीण गायीप्रमाणे रवंथ करणारे असले, तरी त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, त्यामुळे गवताचे भारे पोटात भरून त्यावर निभावणे त्याला जमत नाही. ते कोवळी पाने, शेंडे, रुंद पानांची रोपे आणि झाडांची फळे वेचून खाते. अशा प्राण्याला निवडखाऊ म्हणतात. चितळ-सांबराप्रमाणे याच्याही नराची शिंगे भरीव असून ती दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात, आणि वसंतापासून ऑगस्टपर्यंत, शिंगे मखमली कातडीखाली वाढत असताना, आहारात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिने असावीत असे मानले जाते. त्याच काळात, साधारणपणे मे-जूनमध्ये, पाडसे जन्मतात आणि दूध पाजणाऱ्या माद्यांची गरजही तितकीच वाढते. टंचाईचे काळ दोन असतात: उन्हाळ्याचा शेवट, जेव्हा रानातील पाने जून व निकस झालेली असतात, आणि हिवाळ्याचा शेवट, जेव्हा ओकची फळे संपलेली आणि नवी पालवी फुटायची असते. जाणता मालक या दोन खिंडारांकडे पाहून पेरतो. नुसता शिकारीवर डोळा असलेला मालक मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवे दिसेल एवढेच पाहतो, आणि बाजारातील बियाण्यांच्या पिशव्यांवर भल्याथोरल्या शिंगांच्या नरांची चित्रे असतात ती त्याच्यासाठी.

उन्हाळी चारापट्ट्यातील पिकांची यादी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल, कारण सोयाबीनच्या जोडीला तिथे चवळी, वाल, ज्वारी आणि क्वचित तागही पेरला जातो. ताग मूळचा भारतीय उपखंडातला, आणि आपल्याकडे तो फुलोऱ्यात येताच गाडून जमिनीचे खत केले जाते. तिकडे त्याची कोवळी पाने हरणांना खायला ठेवतात. वालाचा वेल शेंगांसाठी न लावता पानांसाठी लावला जातो, आणि उशिरा फुलणारे वाण त्यासाठीच पसंत केले जातात, कारण फुलोरा लांबला की पाला अधिक दिवस मिळतो. या शेंगावर्गीय पिकांची एक अडचण अशी की ती हरणांना फारच आवडतात: अर्ध्या एकरात पेरलेले सोयाबीन उगवून दोन पानांवर आले की हरणे शेंडेच खुडून टाकतात आणि पीक तिथेच संपते. म्हणून सोयाबीन पेरायचे तर काही एकर पेरावे, नाहीतर पहिले काही आठवडे विजेच्या कुंपणाने राखावे, असा सल्ला दिला जातो. चाऱ्यासाठी पीक लावायचे आणि ते वाढेपर्यंत गुराख्यासारखे राखायचे, हा विरोधाभास चारापट्टेवाल्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

थंडीसाठी निराळी पिके असतात. ओट, गहू आणि राय ही तृणधान्ये शरद ऋतूच्या तोंडाशी पेरतात, कारण ती चटकन उगवतात आणि कोवळेपणी गोड असतात. सलगम, रेप व मुळा ही मोहरीच्या कुळातील पिके कडाक्याची थंडी पडेपर्यंत हरणे अनेकदा हुंगूनही पाहत नाहीत. थंडी वाढली की त्यांच्या पानांत साखर साठते व ती एकाएकी रुचकर ठरतात. या सर्वांचा पाया मात्र क्लोव्हर ही शेंगावर्गीय वनस्पती. आपल्याकडील बरसीम ही याच प्रजातिसमूहातली. पांढरे क्लोव्हर एकदा नीट रुजले की तीन ते पाच वर्षे टिकते, त्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, आणि खुडले तरी ते जमिनीलगतच्या धावत्या खोडांवरून पुन्हा फुटते. त्याचे बी मोहरीहूनही बारीक असल्याने एकरी तीन-चार किलो पुरते आणि ते पाव इंचापेक्षा खोल जाता कामा नये. भुसभुशीत जमिनीत ते पुरले जाऊन वाया जाते, म्हणून पेरण्याआधी जमीन रूळ फिरवून घट्ट करावी लागते.

अपयशाचे खरे कारण मात्र बियाण्यात क्वचितच असते. ते मातीत असते. आग्नेय अमेरिकेतील पावसाने धुपलेल्या जमिनी आम्लधर्मी आहेत, म्हणजे त्यांचा सामू पाचाच्या आसपास असतो, तर क्लोव्हरला तो सहाच्या वर लागतो. आम्ल जमिनीत स्फुरद घातले तरी ते लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाऊन पिकाला मिळत नाही, आणि शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र बांधणारे रायझोबियम जिवाणूही मंदावतात. त्यामुळे माती परीक्षण करून एकरी टन-दोन टन दळलेली चुनखडी पेरणीच्या कित्येक महिने आधी जमिनीत मिसळावी लागते, कारण तिची क्रिया सावकाश चालते. ज्याने चुनखडीचा खर्च टाळून महागडे बियाणे आणले, त्याने पैसे पाण्यात घातले. पीक उगवल्यावर त्यात तारेच्या जाळीचा हातभर रुंदीचा गोल पिंजरा उभा करतात: आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर पाला दिसला तर हरणे खात आहेत हे कळते, आतही बोटभरच असेल तर दोष पिकाचा.

रानटर्कीचा विचार मात्र अगदी वेगळ्या अंगाने करावा लागतो, आणि तिथेच चारापट्ट्याविषयीचे नेहमीचे समज लंगडे पडतात. मोठी टर्की जवळजवळ काहीही खाते: ओकची फळे, गवताचे बी, क्लोव्हरची पाने, टोळ. तिच्यासाठी मुद्दाम पेरले जाणारे पीक म्हणजे चुफा, लव्हाळ्याच्या प्रजातिसमूहातली एक वनस्पती, जिच्या जमिनीतील गोडसर गाठी टर्की पायांनी उकरून काढते. लव्हाळ्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या शेतकऱ्यांना त्याचा भाऊबंद कोणी विकत घेऊन पेरतो हे पटणे कठीण आहे. परंतु टर्कीची संख्या मोठ्या पक्ष्यांच्या पोटावर अवलंबून नसते, ती पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांवर ठरते. मादी जमिनीवरच अंडी घालते, अठ्ठावीस दिवस उबवते, आणि बाहेर आलेल्या पिल्लांना सुमारे अठ्ठावीस टक्के प्रथिने असलेला आहार लागतो, जो केवळ किड्यांतून मिळू शकतो. शिवाय मुठीएवढ्या पिल्लाला तळाशी मोकळी जमीन आणि डोक्यावर विरळ पानांचे छत्र हवे असते, म्हणजे त्याला पळताही येते आणि ससाण्याच्या नजरेपासून लपताही येते. क्लोव्हर व रुंद पानांच्या तणांचे मिश्रण हे साधते. दाट गवत साधत नाही, त्यात पिल्लू अडकते आणि दवाने भिजून गारठते. म्हणून पट्टा नीटनेटका दिसावा या हौसेने मे-जूनमध्ये यंत्राने गवत कापणारा मालक घरट्यांचा व पिल्लांचा घात करतो. दक्षिणेकडील अनेक राज्यांत गेल्या दोन दशकांत टर्की घटली आहे, आणि तिथे चाऱ्याच्या पिकांची कमतरता आहे असे कोणी म्हणत नाही.

चारापट्टा सहसा एकूण जमिनीच्या शेकडा एक ते पाच एवढाच असतो आणि हरणाचे बहुतेक खाणे त्याच्या बाहेरच उगवते. ज्या वर्षी ओकला फळे भरपूर लागतात त्या वर्षी हरणे हिरवागार पट्टा सोडून झाडांखाली जातात, कारण पांढऱ्या ओकच्या कमी तुरट फळांपुढे क्लोव्हरचा पाड लागत नाही. छत मिटलेल्या दाट जंगलात जमिनीपर्यंत ऊन पोहोचत नसल्याने खाण्याजोगे फारसे उगवत नाही. तेच जंगल विरळ करून ठरावीक वर्षांनी नियंत्रित जाळ फिरवला की तळाशी उगवणारा पाला कित्येक पटींनी वाढतो, टर्कीला घरट्याची जागा मिळते, आणि पाडसांना लपण. कुऱ्हाड आणि आगकाडी यांचे हे काम पेरणीइतके डोळ्यांत भरत नाही, त्यासाठी दुकानात पिशवी मिळत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडते. कान्हा येथील उठवलेल्या गावांच्या जागी राखलेली कुरणे हे आपल्याकडचे त्याच्याशी नाते सांगणारे उदाहरण आहे. तिथे बारशिंग्यासाठी पीक पेरले जात नाही, गवताळ जागेवर झाडी चढू दिली जात नाही.

प्राण्यांच्या नावाने केलेली लागवड अंगलट येते याचा पुरावाही अमेरिकेतच आहे. ऑटम ऑलिव्ह आणि मल्टिफ्लोरा गुलाब ही पूर्व आशियातील झुडपे विसाव्या शतकात सरकारी खात्यांनीच पक्ष्यांच्या खाण्यासाठी व धूप थांबवण्यासाठी वाटली, आणि आज तीच खाती ती उपटण्यासाठी पैसे खर्च करतात. हरणांची संख्या आधीच जास्त असेल आणि माद्यांची पुरेशी शिकार होत नसेल, तर वाढीव चारा म्हणजे वाढीव पाडसे. त्यांचे ओझे पुन्हा जंगलावरच पडते. पेनसिल्व्हेनियातील जंगलांत हरणाचे तोंड पोहोचेल त्या उंचीपर्यंत सारी पालवी खुडली गेल्याने नवी झाडे उगवेनाशी झाली, हा इतिहास जुना आहे.

शेवटचा प्रश्न कायद्याचा, आणि तो दिसतो त्याहून नाजूक आहे. मक्याच्या दाण्यांचा ढीग ओतून त्यावर आलेला प्राणी मारणे म्हणजे आमिष दाखवून शिकार. ती हरणांच्या बाबतीत काही राज्यांत चालते व काहींत चालत नाही, आणि टर्कीच्या बाबतीत बहुतेक राज्यांत गुन्हा ठरते. मुळावर उभे असलेले पीक मात्र आमिषात मोडत नाही. हा भेद १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसलेल्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या रोगामुळे महत्त्वाचा बनला. प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग मेंदू पोखरतो, त्यावर औषध नाही, लाळ व विष्ठेतून तो पसरतो, आणि आता तो तीसहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. एकाच ढिगात अनेक हरणांची तोंडे बुडतात म्हणून रोगग्रस्त भागांत दाणे टाकण्यावर अनेक राज्यांनी बंदी घातली; चारापट्ट्यांना सहसा हात लावला नाही. चारा एकरभर पसरलेला असल्याने तोंडाला तोंड कमी लागते, हे त्यामागचे एक कारण. तरीही ते पूर्ण समाधानकारक नाही, कारण प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात, प्रयोगांत ते वनस्पतींच्या पानांना व मुळांना चिकटलेले आढळले आहेत, आणि पाव एकराच्या पट्ट्यात हिवाळ्याअखेर वीस हरणे रोज उतरू लागली तर तो पट्टा आणि ढीग यांतील अंतर फारसे उरत नाही. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे: चारापट्ट्यावर बंदी घालायची तर कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनचे काय करायचे, कारण हरणे तेही तितक्याच आवडीने खातात आणि दोन्ही शेते बांधावरून पाहणाऱ्या निरीक्षकाला सारखीच दिसतात.

(क्रमशः)