दोन इंजिनांच्या जागी एक: जुन्या बोटींबद्दलचे गैरसमज

दोन आउटबोर्ड इंजिने असलेली जुनी फायबर बोट एका इंजिनावर आणायची म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: एक बंद पडले तर दुसरे काठाला लावते, एकच असेल तर बोट मध्येच अडकते. दोन्ही इंजिनांची टाकी, नळी, फिल्टर आणि बॅटरी स्वतंत्र असेल, तरच हे खरे ठरते. जुन्या बोटींत बहुधा एकाच टाकीतून दोघांना पेट्रोल जाते, आणि आउटबोर्ड बंद पडण्याची नेहमीची कारणे म्हणजे पेट्रोलमधले पाणी, टाकीतला कचरा आणि उतरलेली बॅटरी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. बहुतेक आउटबोर्ड मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनवलेली असतात. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले आणि ते ठरावीक प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी बसते. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. मग दोन्ही इंजिने पाठोपाठ गप्प होतात. नांदेडजवळ गोदावरीत साचणारी जलपर्णी आणि पात्रात सोडलेली नायलॉनची जाळीही डावा पंखा, उजवा पंखा असा भेद करत नाहीत.

दुसरे इंजिन चालू राहिले, तरी बोट निम्म्या वेगाने परतेल हा हिशेब चुकतो. वेगात असलेली बोट पाण्यावर उचललेली असते. ती उचलून धरण्याएवढी ताकद एका इंजिनात उरली नाही, की बोट पाण्यात बसते आणि स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्यातली लांबी १६ फूट असलेल्या बोटीचा वेग अशा वेळी ताशी १० किलोमीटरच्या आसपास थांबतो. थ्रॉटल आणखी ओढून उपयोग नसतो, कारण पंखा दोन इंजिनांच्या वेगासाठी निवडलेला असतो; इंजिनाचे फेरे चढत नाहीत आणि ते तापते. बोट हळूहळू काठाला आणण्याचे हे काम ६ ते ८ अश्वशक्तीचे छोटे इंजिन स्वतःच्या वेगळ्या टाकीवर जवळपास तितकेच करते.

किनाऱ्यापासून बरेच आत जाणाऱ्या कोकणातल्या बोटीला दुसऱ्या इंजिनाचा आधार मोलाचा आहे, हे मान्य करावे लागते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा शंकर सागर जलाशय मात्र बहुतांशी नदीपात्रातच साठलेला, लांबच लांब पण अरुंद. तिथे काठ कधीच फार दूर नसतो; वल्ही आणि पुरेशा दोराचा नांगर हीच तिथली खरी सोय. पुराच्या पाण्यात तर हलकी बोट जास्त कामाची. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळ भागाला पाण्याने वेढले, तेव्हा बचाव पथकांना गावांत शिरावे लागले. अशा कामाच्या रबरी बोटींवर साधारणपणे २५ ते ४० अश्वशक्तीचे एकच इंजिन असते.

दुसरा गैरसमज अश्वशक्तीचा. दोन ४० ची बेरीज ८०, म्हणून एक इंजिन घ्यायचे तर तेही ८० चेच हवे, असे गृहीत धरले जाते. पाण्यावर उचललेल्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेच राहिले, तर ८० वरून ६० वर आल्याने ताकद २५ टक्के घटते, वेग मात्र १३ टक्क्यांच्या आसपास. शिवाय पाण्यात इंजिनांच्या दोन पायांऐवजी एकच पाय राहिल्याने ओढही कमी होते.

मराठवाड्यात या हिशेबात समुद्रसपाटीपासूनची उंची धरावी लागते, आणि तीच सर्रास विसरली जाते. कॅटलॉगमधली अश्वशक्ती समुद्रसपाटीजवळची असते. वर जावे तशी हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे ३ टक्क्यांनी घटते. विष्णुपुरीची पूर्ण संचय पातळी ३५५ मीटर, तर लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाची सुमारे ६४२ मीटर. म्हणजे ६० चे इंजिन मांजरावर ५६ च्या आसपास भरते, आणि मे महिन्यातल्या उन्हात त्याहूनही कमी. किनाऱ्यावर नीट चाललेला पंखा इथे जड वाटतो. पूर्ण थ्रॉटलला फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत येत नसतील, तर एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात थोडे कमी अंतर कापणारा, पंखा लावावा. त्याने साधारण १५० ते २०० फेरे वाढतात.

एक इंजिन म्हणजे वजन हलके, हेही दरवेळी खरे नाही. जुनी ४० ची टू-स्ट्रोक प्रत्येकी ७५ किलोच्या आसपास, म्हणजे जोडी दीडशे किलोची. ६० चे फोर-स्ट्रोक ११५ किलोपर्यंत मिळते. ७५ चे घेतले तर तेच १६० वर जाते आणि बोटीची शेपटी आधीपेक्षा खाली बसते. पेट्रोल निम्मे लागेल ही आशाही अशीच फसवी. खर्च वापरलेल्या ताकदीवर ठरतो. ६० चे फोर-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला २० ते २३ लिटर पिते. जुन्या जोडीच्या तुलनेत बचत होते खरी, पण तिचा मोठा वाटा टू-स्ट्रोक गेल्याचा असतो, इंजिनांची संख्या घटल्याचा नव्हे.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे जुन्या इंजिनांच्या बोल्टची भोके बुजवून नवे इंजिन मधोमध बसवले की काम झाले. बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. मधला कणा सर्वांत खोल आणि दोन्ही बाजू वर चढत गेलेल्या. मध्यापासून ३० सेंटिमीटरवर बसवलेल्या इंजिनाखाली, १५ अंशांचा उतार असेल, तर तळ कण्यापेक्षा ८ सेंटिमीटर वर असतो. त्याच लांबीच्या पायाचे इंजिन त्याच उंचीवर मध्यभागी लावले, की पंख्यावरची आडवी पट्टी कण्याच्या रेषेच्या ८ सेंटिमीटर वर राहते. वळणावर पंखा हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. आउटबोर्डचे पाय १५, २० आणि २५ इंचांचे येतात. निवड कण्यापासून मोजून करावी, जुन्या इंजिनावरून नव्हे.

मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, बहुतेक जुन्या बोटींत फायबरमध्ये गुंडाळलेल्या प्लायवुडची असते. भोकांतून वर्षानुवर्षे पाणी मुरून आतले लाकूड कुजते, आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो. हातोड्याच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर लहान ड्रिलने आतला भुसा काढून पाहावा. काळा, ओला भुसा निघाला, तर फळी बदलल्याशिवाय इंजिन चढवू नये. आधी दोन ठिकाणी विभागलेला जोर आता पूर्ण मधोमध येणार असतो, म्हणून आतून आधाराचे कोनही वाढवावे लागतात. जुनी भोके एपॉक्सीने भरावीत; सिलिकॉन तिथे टिकत नाही.

वळवण्याच्या बाबतीत तोटा होतोच. एक इंजिन पुढे, एक मागे टाकून जागच्या जागी फिरणे आता जमत नाही, आणि एकाच पंख्याच्या फिरण्यामुळे सुकाणू एका बाजूला ओढते. पंख्यावरच्या आडव्या पट्टीखालच्या छोट्या पात्याचा कोन बदलून ती ओढ कमी करता येते. उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या धरणात मात्र एकच पंखा फायद्याचा. तो कण्याच्या मागे काहीसा झाकलेला राहतो, तर जोडीचे पंखे बाजूला उघडे असतात आणि बुडालेल्या बाभळीच्या खुंटावर आधी तेच आपटतात.

इंजिन बदलणे ही घरगुती दुरुस्ती आहे, असा समजही चुकीचा. इनलँड व्हेसल्स अॅक्ट, २०२१ नुसार यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते. नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो, म्हणून बदल नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्यावा लागतो. विमा असेल तर नव्या इंजिनाचा क्रमांक पॉलिसीवरही चढवून घ्यावा.