वाहत्या ओढ्यांतील कीटकांची पकड

ज्या धारेंत धडधाकट माणसाचा पाय ठरत नाहीं, त्याच धारेंतला एखादा धोंडा उचलून पाहावा. त्यावर तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या व चपटे किडे चिकटलेले आढळतात. ह्यांचा आपल्या शेतीशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे; पण तो सांगण्यापूर्वीं ह्या जीवांची पकड कशी असते तें पाहूं.

धोंड्याच्या पृष्ठभागास अगदीं लागून पाण्याचा वेग पुष्कळ मंद असतो. चपट्या अंगाचे व पसरलेल्या पायांचे किडे ह्याचा लाभ घेऊन, नखांनीं धोंडा धरून खेकड्याप्रमाणें सरपटतात. गुरांमाणसांस चावणाऱ्या एका बारीक काळ्या माशीच्या अळीची युक्ति निराळी आहे. ती तोंडांतून रेशीम काढून धोंड्यावर त्याची लहानशी गादी घालते व शेपटाकडील आंकड्यांच्या वर्तुळानें ती घट्ट धरते. पुढें सरकावयाचें झाल्यास ती नवी गादी घालून छातीखालच्या पायानें धरते आणि मग मागचें टोंक तेथें आणते. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या उंट अळीची चाल ती हीच. पकड सुटलीच, तर रेशमाच्या तंतूस लोंबकळून ती पुनः धोंडा गांठते. डोंगरी धबधब्यांतील दुसऱ्या एका अळीच्या पोटाखालीं एका ओळींत सहा चूषक असतात. त्यांनीं ती जळूप्रमाणें निसरड्या खडकास चिकटते. डोंगरी प्रवाहांतील प्राण्यांच्या अशा अवयवांविषयीं प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९३० सालीं विस्तृत निबंध प्रसिद्ध केला.

हे कीटक दगडांवरचें शेवाळ, कुजकीं पानें व पाण्यांतील बारीक कण खातात, आणि मासे ह्यांस खातात. एवंच, ओढ्याची झाडलोट व माशांचा दाणागोटा ह्यांच्याकडे आहे.

परंतु धारेस दाद न देणारे हे जीव विषापुढें हतबल होतात. कापूस, तूर इत्यादि पिकांवर फवारावयाच्या सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा अत्यल्प अंशही पाण्यांत उतरला, तरी त्यांची पकड सुटते व ते एकदम मोठ्या संख्येनें वाहून जातात. एरवींही रात्रीच्या वेळीं कांहीं कीटक खालीं वाहतात. परंतु अनेक जातींच्या माद्या पंख फुटल्यावर वरच्या अंगास उडून जाऊन अंडीं घालतात, व तूट भरून निघते. वरच्या अंगासही फवारणीचे पंप ओढ्यांत धुतले जात असतील, तर ही भरपाई व्हावी कोठून?

म्हणून शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी कीं, पंप ओढ्यांत धुऊं नये. औषधाचा रिकामा डबा तीनदां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें. पंप धुतल्याचें पाणीही त्याच पिकावर फवारावें. ह्यास खर्च नाहीं, आणि खालच्या गांवचीं गुरें तेंच पाणी पितात हेंही विसरतां येत नाहीं. ओढ्याकांठच्या शेतकऱ्यांनीं हंगामापूर्वीं व हंगामानंतर एकाच जागचे चारपांच धोंडे उलटून पाहावे, आणि कीटकांत कांहीं फरक आढळल्यास तो ह्या मासिकाकडे अवश्य कळवावा.