पाठविले म्हणजे पोचले काय?

माहूरच्या गडावर रेणुकामातेचे दर्शन घेऊन उतरताना आम्ही तांबुलाचे ५० रुपये मोबाइलवरून दिले. चक्र फिरत राहिले. दुकानदाराच्या यंत्रातून आवाज निघेना. “पाठविले,” आम्ही म्हणालो. “पोचले नाहीत,” तो म्हणाला. खोटे दोघेही बोलत नव्हतो. हे कसे, ते पाहू.

दोन यंत्रांतील प्रोग्रामना जाळ्यावरून बोलावयाचे तर प्रत्येकापाशी एक दार लागते. त्यास सॉकेट म्हणतात. यंत्राचा पत्ता आणि दाराचा क्रमांक मिळून ठिकाण ठरते. १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीबरोबर ही सोय सर्वत्र रूढ झाली.

प्रोग्रामने ‘पाठव’ म्हटले आणि होकार आला, याचा अर्थ एवढाच की आपल्याच यंत्राने मजकूर ठेवून घेतला. पत्र पेटीत पडले, पोचले नव्हे. कधी ५,००० बाइट दिले तर ३,०००च घेतले जातात. उरलेले २,००० पुन्हा देणे प्रोग्रामचेच काम.

पुढील वाहतूक टीसीपी नावाच्या नियमांनी चालते. त्यांचा पाया व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४ साली मांडला. मजकुराचे तुकडे होतात, त्यांना अनुक्रम मिळतो, हरवलेला तुकडा पुन्हा धाडला जातो. मात्र एक निरोप कोठे संपला, हे टीसीपी सांगत नाही. ‘५०’ आणि ‘२०’ असे दोन निरोप पलीकडे ‘५०२०’ असे सलग वाचले जाऊ शकतात! म्हणून निरोपाआधी त्याची लांबी सांगण्याची रीत आहे.

टीसीपीही पोच देते. पण ती यंत्राने घेतल्याची, वहीत जमा केल्याची नव्हे. जमेची पोच पलीकडच्या प्रोग्रामनेच दिली पाहिजे. ती वाटेत हरवली, तर पैसे जमा होऊनही आपणास कळत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली आणलेल्या यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असतो, तो याचसाठी. उत्तर न आल्यास त्या क्रमांकाने चौकशी करता येते.

आम्ही थांबलो. थोड्या वेळाने आवाज आला. उतावीळपणे पुन्हा पैसे धाडले असते, तर ५०चे १०० झाले असते. उत्तर आले नाही म्हणजे नकार आला, असे समजू नये. आधी चौकशी करावी, मग दुसऱ्यांदा हात खिशाकडे न्यावा.