व्यत्ययाचे शास्त्र



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत. मराठीत सांगता आले नाही म्हणजे समजले नाही, असे ते वर्गात वरचेवर म्हणत. माझे आयुष्य भाषेच्या अध्यापनात गेले. तरीही सरांच्या कसोटीला एकदा उतरून पाहावे, म्हणून आज संगणकातील विषय घेतला आहे. उपकरणांचे 'ड्रायव्हर' लिहिणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने चार संध्याकाळी बसून तो मला समजावला. चूक आढळल्यास ती माझ्या आकलनाची समजावी.

'इंटरप्ट'ला मी व्यत्यय म्हणतो. संस्कृतात व्यत्यय म्हणजे क्रमाची उलटापालट, मराठीत अडथळा. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात. सयाजीराव महाराजांच्या काळी, १९३१ साली, ज्या बडोद्यात राज्यकारभाराच्या संज्ञांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश सिद्ध झाला, तेथे शब्द शोधण्याचा आळस शोभत नाही.

प्रोसेसर म्हणजे उत्तरपत्रिका तपासत बसलेला परीक्षक, असे समजा. दारावर टकटक होते. तो पानात खूण घालतो, लेखणी ठेवतो, दार उघडतो, निरोप घेतो आणि परत येऊन खूण शोधतो. निरोप क्षणाचा असला, तरी उठण्याबसण्याचा वेळ निराळा जातो. म्हणून शहाणा ड्रायव्हर दारात उभ्या उभ्या फक्त अत्यावश्यक तेवढेच करतो; उरलेले काम नोंदवून ठेवतो आणि मागाहून करतो.

आता दाराच्या घंटेविषयी. उपकरणे आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या सामाईक मार्गाला 'बस' म्हणतात. १९९२ साली आलेल्या पीसीआय नामक बसमध्ये व्यत्ययाच्या तारा चारच होत्या. एकाच तारेवर अनेक उपकरणे असत. घंटा वाजली की प्रत्येक ड्रायव्हरला आपापल्या उपकरणाकडे जाऊन 'तू वाजवलीस काय?' असे विचारावे लागे. शिवाय घंटेची तार वेगळी आणि माहितीची वाट वेगळी. त्यामुळे पत्र टेबलावर पोचण्याआधीच घंटा वाजण्याचा संभव असे. खात्रीसाठी उपकरणाची नोंद वाचावी लागे आणि उत्तर येईपर्यंत प्रोसेसर ताटकळे. १९९८ च्या सुधारणेत तारेऐवजी चिठ्ठीची सोय झाली. उपकरण माहिती ठेवते आणि तिच्यामागोमाग त्याच वाटेने व्यत्ययाची चिठ्ठी धाडते. चिठ्ठी माहितीला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. ती मिळाली म्हणजे पत्र पोचलेच, आणि ती कोणाची हेही कळते. पुढच्या सुधारणेत एका उपकरणाला अशा २०४८ पर्यंत निरनिराळ्या चिठ्ठ्या मिळू लागल्या, म्हणजे कामे अनेक प्रोसेसरांत वाटता येऊ लागली.

परंतु खरे संकट निराळेच आहे. सेकंदाला एक अब्ज बिट वाहणाऱ्या जाळ्यावर लहानात लहान पुडकी आली, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येतात. प्रत्येक पुडक्याला एक व्यत्यय आणि प्रत्येक व्यत्ययाला सेकंदाचा दहा लाखावा भाग एवढाच वेळ धरा. तरी एका सेकंदात जवळजवळ दीड सेकंदाचे काम निघते! मग प्रोसेसर केवळ दारेच उघडीत राहतो. पुडकी आत येतात, पण वाचली जात नाहीत. रांग भरली की फेकली जातात. यंत्र बंद पडलेले नसते, उलट अहोरात्र राबत असते, आणि हातावेगळे काम मात्र शून्य. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेची चिकित्सा करून उपाय मांडला. त्या अवस्थेला इंग्रजीत 'लाइव्हलॉक' म्हणतात. मी 'जागृत कोंडी' म्हणेन.

उपाय साधा आहे. पहिली टकटक ऐकावी आणि त्या उपकरणाची घंटा तात्पुरती बंद करावी. मग आपण होऊन पेटीपाशी जावे, ठरावीक संख्येने पुडकी उचलावीत आणि इतर कामांनाही वेळ द्यावा. पेटी रिकामी झाली की घंटा पुन्हा चालू करावी. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत हीच रीत होती. तेथे एका खेपेची नेहमीची मर्यादा ६४ पुडक्यांची. गर्दी नसताना घंटा आणि गर्दीत फेरी, असा हा विवेक आहे.

हे ऐकताना मला माझी विभागप्रमुखपदाची वर्षे आठवली. प्रत्येक टकटकीला मी उठलो. कोणाला परत पाठवले नाही, याचा अभिमानही बाळगला. बडोद्याच्या मराठी बोलीवरील माझे हस्तलिखित त्या काळात तिसऱ्या प्रकरणावर थांबले, ते आजही तेथेच आहे. मी आळशी नव्हतो; जागृत कोंडीत होतो. ज्या वृद्धांच्या तोंडून ते शब्द टिपायचे राहिले, त्यांतील बहुतेक आता नाहीत.

दार कायमचे लावून घ्यावे, असे मी म्हणत नाही; यंत्रसुद्धा तसे करीत नाही. पेटी रिकामी होताच ते घंटा पुन्हा चालू करते. आपल्या शाळेचे सर दुपारी चार वाजेपर्यंत प्रयोगशाळेचे दार लोटून बसत आणि चारनंतर ते सताड उघडे असे. त्यामागचे शास्त्र मला साठ वर्षांनी कळले. ते मराठीत सांगता आले की नाही, हे आपण ठरवावे.