तीस मोहिमा, सात माणसं

१९४३ च्या हिवाळ्यात लिंकनशायरच्या लष्करी विमानतळांवर उड्डाणाआधीच्या जेवणात अंडं आणि बेकन असे. सामान्य ब्रिटिश माणसाला तेव्हा रेशनवर आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळायचं. त्यामुळे ताटात अंडं आलं की आज रात्री जर्मनीवर जायचं, हे सांगावं लागत नसे. ‘तू परत आला नाहीस तर तुझं अंडं मी खाऊ का?’ असं पोरं एकमेकांना विचारत आणि हसत.

ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२५,००० वैमानिक आणि सहकारी उडाले. त्यांतले ५५,५७३ मेले. सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेकांचं वय विशीच्या आसपास. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, जमैका, कुठून कुठून आलेले. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे आपल्या ओळखीच्या आडनावाचे नॅव्हिगेटरही त्यांच्यात होते. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. तीस मोहिमा झाल्या की एक पाळी संपे. बर्लिनवरच्या हल्ल्यांच्या त्या हिवाळ्यात तिसावी मोहीम गाठणारे थोडेच होते, आणि हा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ होता. तरी ते पुन्हा पुन्हा विमानात चढले. मला या इतिहासात सर्वाधिक अस्वस्थ करतं ते हेच.

याचं उत्तर मला सेनापतींच्या भाषणांत सापडत नाही. ते सापडतं प्रशिक्षण केंद्रातल्या एका हँगरमध्ये. तिथे वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, वायरलेसवाले आणि तोफची, असे सगळे एकत्र सोडले जात आणि सांगितलं जाई, आपापली टोळी जमवा. यादी नाही, हुकूम नाही. कुणाचा चेहरा भरवशाचा वाटला, कुणाशी आदल्या रात्री गप्पा झाल्या होत्या, एवढ्यावर माणसं एकमेकांना निवडत. पुढे फ्लाइट इंजिनिअर आणि दुसरा तोफची येऊन सात पूर्ण होत. एरवी प्रत्येक गोष्ट कागदावर ठरवणाऱ्या हवाई दलाने मरणाचे सोबती निवडण्याचं काम मात्र पोरांवर सोडलं, आणि माझ्या मते युद्धातला तो त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय होता. हे सात जण एकत्र राहत, एकत्र पबमध्ये जात, सुट्टीलाही बरोबर निघत. पण त्यांतला एखादा अधिकारी असला, तर त्याचं भोजनगृह सार्जंटांच्या भोजनगृहापासून वेगळं! रात्री एकाच विमानात जीव टांगणीला लावणाऱ्यांना दिवसा दोन पंगतींत बसवण्याचा हा करंटेपणा शेवटपर्यंत चालला.

दिवस रिकामे जात. सायकलवरून गावात, पत्ते, पत्रं, झोप. दुपारी नकाशावरचा पडदा सरके आणि लाल फीत कुठवर गेली आहे ते दिसे. फीत बर्लिनपर्यंत पोचलेली असली की खोलीभर एक हुंकार उठे. मग वाट पाहणं. अनेकांच्या आठवणींत प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा ऐनवेळी रद्द झालेली मोहीमच जास्त जीवघेणी ठरते, कारण सगळी भीती भोगून झालेली असे आणि तीसमधला आकडा मात्र पुढे सरकत नसे. विमानात चढण्याआधी शेपटीच्या चाकावर लघवी करायची, खिशात तोच मफलर किंवा तीच बाहुली ठेवायची, हे चुकवायचं नाही. मागच्या टरेटमधला तोफची शून्याखाली तीस-चाळीस अंशांत, विजेवर तापणाऱ्या पोशाखात, तासन्‌तास एकटा बसे. बाकी सहा जणांचे आवाज त्याला फक्त इंटरकॉमवर ऐकू येत.

३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. अशा सकाळी विमानतळावर एक समिती कामाला लागे. बेपत्ता माणसाचं कपाट रिकामं करायचं, घरच्यांना दुखावतील अशी पत्रं बाजूला काढायची, सामान बांधायचं. पुष्कळदा त्याच दिवशी त्या खाटेवर नवा माणूस येई.

आणि ज्याला हे सोसेना? त्याच्यासाठी १९४० मध्येच एक शिक्का तयार झाला होता: ‘नैतिक धैर्याचा अभाव’. छातीवरचं पंखांचं चिन्ह काढून घ्यायचं, कागदोपत्री नोंद करायची, सहकाऱ्यांचा निरोपही घेऊ न देता दुसरीकडे हलवायचं. वीस-वीस मोहिमा केलेली माणसंही यात सापडली. हा अन्याय होता. लॉर्ड मोरन या डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतल्या अनुभवावरून १९४५ च्या पुस्तकात मांडलं की धैर्य हा साठा आहे, तो खर्च होतो. हवाई दलाचे मज्जाविकारतज्ज्ञ सायमंड्स आणि विल्यम्स यांनाही युद्धकाळातच आढळलं होतं की उड्डाणातला धोका वाढतो तशी मन मोडणाऱ्यांची संख्या वाढते. दोष माणसाच्या घडणीत नव्हता, त्याच्यावर टाकलेल्या भारात होता. तरी शिक्का बसलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी राहिलं. शिक्क्याच्या धाकापेक्षा सहा जणांना तोंडघशी पाडण्याची लाज मोठी होती, असं मला वाटतं. लेनर्ड चेशायरसारखे स्क्वाड्रनप्रमुख नव्या टोळीबरोबर स्वतः जात, जमिनीवरच्या मेकॅनिकांना नावाने ओळखत. पण तेही शिक्क्याच्या बाबतीत कठोरच होते.

हे सगळं लिहिताना विमानाखाली काय होतं ते विसरून चालणार नाही. जुलै १९४३ मध्ये एकट्या हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसं मेली. ज्या जिव्हाळ्याने सात पोरं एकमेकांना धरून राहिली, त्याच जिव्हाळ्याच्या बळावर ती शहरं जाळली गेली. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

तिसावी मोहीम करून उतरलेल्या टोळीचं पुढे काय होई? मेकॅनिकांसह पबमध्ये मोठी रात्र, आठवड्याची रजा, आणि मग सातही जणांना वेगवेगळ्या केंद्रांवर शिकवायला धाडलं जाई. प्रशिक्षणात आणि अपघातांतही बॉम्बर कमांडचे आठ हजारांहून अधिक लोक गेले, तेव्हा ती जागाही सुरक्षित नव्हतीच. तिथे अनोळखी शिकाऊंबरोबर उडताना अनेकांचं मन रमेना. मुदत संपायच्या आधीच त्यांनी अर्ज केले की आम्हाला पुन्हा स्क्वाड्रनवर पाठवा, दुसऱ्या पाळीच्या वीस मोहिमांसाठी, आणि जमलं तर जुन्या टोळीतल्या कुणाबरोबर तरी.