उभे राहताच पाय का थरथरतात?

शाळेत प्रार्थनेच्या वेळी, शिधावाटप दुकानापुढील रांगेत किंवा ग्रामसभेत बोलावयास उभे राहिल्यावर काही व्यक्तींचे पाय थरथरू लागतात. खाली बसताच ही थरथर थांबते. पाहणारे त्यास भित्रेपणा वा अशक्तपणा समजतात. क्वचित मद्यपानाचा संशयही घेतला जातो. या गैरसमजापायी अनेक रुग्णांना योग्य निदानासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. थरथर हे लक्षण असून त्यामागील विकार निरनिराळे असतात. ती नेमकी केव्हा सुरू होते व केव्हा थांबते, या माहितीवर निदानाचा पाया उभा असतो.

उभे राहण्याशी निगडित कंप

अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ केनेथ हाइलमन यांनी १९८४ साली एका विकारास 'ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर' म्हणजे उभे राहिल्यावर होणारा कंप असे नाव दिले. हा विकार विरळा असून बहुधा उतारवयात आढळतो. उभे राहिल्यापासून काही क्षणांत पाय अस्थिर वाटू लागतात व तोल जाईल अशी भीती वाटते. चालू लागले, बसले किंवा भक्कम आधार घेतला की बरे वाटते. हा कंप सेकंदाला सुमारे १३ ते १८ इतका जलद असल्याने डोळ्यांना फारसा दिसत नाही. मात्र पोटरीवर तळहात ठेवल्यास जाणवतो. स्टेथोस्कोप लावल्यास दूरवरच्या हेलिकॉप्टरसारखा आवाज ऐकू येतो. स्नायूंतील विद्युत् क्रियेचा आलेख, म्हणजेच ईएमजी, रुग्णास उभे करून काढल्यावर निदान निश्चित होते.

इतर कारणे

कंपवात अर्थात पार्किन्सनच्या विकारात थरथर संथ, सेकंदाला सुमारे ४ ते ६ असते. हात वा पाय स्वस्थ असताना ती अधिक दिसते व बहुधा एका बाजूने सुरू होते. हालचालींतील मंदपणा आणि अंगाचा ताठरपणा या तिच्या सोबतच्या खुणा होत. काही कुटुंबांत आढळणारा दुसरा कंप मुख्यतः हातांना होतो व पेला उचलताना किंवा लिहिताना वाढतो. वृद्धांच्या पायांना उभे राहिल्यावर अनियमित झटकेही येऊ शकतात. ते ओळखण्यास ईएमजीच उपयोगी पडतो.

उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब प्रथम आडवे असताना व नंतर उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरल्यास कारण रक्तदाबात शोधावे लागते. थायरॉइडचे विकार, मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, तसेच दम्यावरील व मानसिक आजारांवरील काही औषधे यांचाही विचार डॉक्टर करतात.

आपण काय करावे?

रुग्णाने थरथर सुरू होण्याची वेळ, ती थांबण्याची रीत, चालू असलेली औषधे आणि कुटुंबातील पूर्वेतिहास लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावा. डॉक्टरांनी रुग्णास केवळ बसवून तपासल्यास हा कंप नजरेतून सुटतो. म्हणून "उभा राहिल्यावर त्रास होतो" हे स्पष्ट सांगावे. गरजेनुसार तेथून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविता येते. क्लोनाझेपामसारख्या औषधाने काहींना आराम पडतो. परंतु त्याने झोप येते व तोल जाऊ शकतो. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. चालू औषधेही परस्पर बंद करू नयेत. एका बाजूचे हातपाय अचानक लुळे पडल्यास किंवा बोलणे अडखळल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मुख्याध्यापकांनी अशा शिक्षकास वर्गात खुर्ची द्यावी, ग्रामपंचायतीने रांगेत बाकाची सोय करावी. निदान होईपर्यंत रुग्णाची उपजीविका व प्रतिष्ठा टिकविण्यास एवढे साहाय्यही मोलाचे ठरते.