मुलांसाठी पहिला साप: बहरीनच्या फ्लॅटमध्ये कोणता आणावा, आणि मुळात आणावा का?

"आई, मला साप हवाय." हे वाक्य ऐकल्यावर बहुतेक मराठी घरांत पहिलं उत्तर 'नाही' असतं आणि दुसरं 'वेडा आहेस का?'. आपण वाढलो ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार नावांच्या धाकात. साप दिसला की सर्पमित्राला फोन करायचा, एवढाच आपला सापांशी संबंध. बहरीनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांचं तसं नाही. त्यांनी यूट्यूबवर दहा वर्षांची मुलं खांद्यावर नारिंगी साप घेऊन बसलेली पाहिली आहेत, आणि वर्गातल्या एखाद्या मित्राकडे तसा साप असतोही.

म्हणून हा प्रश्न हसण्यावारी न नेता नीट सोडवू. मुलांना सांभाळता येतील असे बिनविषारी साप नक्की आहेत. पण बहुतेक मार्गदर्शिका अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. आपलं घर मनामा, जुफेर किंवा रिफामध्ये भाड्याचं असतं, एसीवर चालतं आणि जुलैत महिना-दीड महिना कुलूपबंद असतं. तिथेच हिशोब बदलतो.

आधी दोन वयं बघा

पहिलं वय सापाचं. नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतो. बॉल पायथन त्याहूनही जास्त, २० ते ३० वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं! आता तुमच्या व्हिसावरची मुदत बघा. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलासाठी आणलेला साप, ते मूल कॉलेजसाठी पुण्याला किंवा टोरांटोला गेल्यावरही तुमच्याच दिवाणखान्यात असणार आहे. म्हणजे साप मुलाचा असला तरी जबाबदारी तुमची. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला तो मनापासून हवा असेल, तरच पुढे वाचा.

दुसरं वय मुलाचं. इथे विज्ञान अगदी स्पष्ट आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जातीचे जीवाणू असू शकतात. प्राणी पूर्ण निरोगी दिसतो, पण ते जीवाणू विष्ठेतून त्याच्या कातडीवर, पेटीवर, पाण्याच्या भांड्यावर पसरतात. मोठ्या माणसाला त्यातून जुलाब-ताप होऊन भागतं. लहान मुलांत मात्र संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीच्या पुढचे आजी-आजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर सरपटणारे प्राणी नकोत, असा अमेरिकेच्या सीडीसीसारख्या आरोग्यसंस्थांचा सल्ला आहे. धाकट्याने सापाला हात लावायचीही गरज नसते. थोरल्याने साप हाताळून तोच हात दाराच्या मुठीला लावला तरी पुरतं. तेव्हा घरात रांगणारं बाळ असेल तर उत्तर आज 'नाही' आणि काही वर्षांनी 'बघू'.

माझ्या मते दहा वर्षांपुढचं मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली सापाची बरीचशी कामं करू शकतं. त्याआधी त्याने फक्त बघावं आणि वहीत नोंदी कराव्यात.

मग कोणता?

माझी पहिली पसंती कॉर्न स्नेक. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या धामणीच्याच कुळातला साप. पूर्ण वाढल्यावर साधारण तीन ते पाच फूट, अंगाने सडपातळ, स्वभावाने शांत. खाण्याबाबत नखरे नाहीत. घरातल्या मध्यम आर्द्रतेत तो सहज राहतो. चुका सोसणारा साप म्हणून त्याची ख्याती आहे आणि नवशिक्याला हाच गुण लागतो. तोटा एकच: पळून जाण्यात उस्ताद. बोटभर फटीतून तो निसटतो, त्यामुळे पेटीचं झाकण कडीचं हवं.

दुसरा केनियन सँड बोआ, म्हणजे आपल्या मांडुळाचा आफ्रिकी चुलतभाऊ. नर जेमतेम दीड फुटाचा, मादी दोन-अडीच फुटांची. कोरडी हवा त्याला मानवते, त्यामुळे एसीच्या घरात बरा. पण तो दिवसभर वाळूत किंवा भुशात पुरलेला असतो. "पेटीत काहीच दिसत नाही" म्हणून पंधरा दिवसांत कंटाळणाऱ्या मुलासाठी तो नव्हे.

तिसरा बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, जाडसर, संथ, घाबरला की स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवणारा. हातात घ्यायला फार छान. पण त्याला साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आर्द्रता लागते आणि एसी ती सतत शोषून घेतो. शिवाय हा साप काही वेळा महिनोन्‌महिने जेवत नाही. निरोगी मोठ्या सापाला त्याने फारसं काही होत नाही, पण मूल आणि आई दोघंही हवालदिल होतात. घेणार असाल तर 'स्पायडर' नावाची रंगजात टाळा. त्या सुंदर नक्षीच्या जनुकासोबत तोल बिघडवणारा मज्जासंस्थेचा दोषही येतो. अशा सापाचं डोकं डुलत राहतं.

काय नको? बर्मीज पायथन नको. पिल्लू गोंडस दिसतं, पण काही वर्षांत ते मोठ्या माणसालाही एकट्याने उचलवत नाही. लोकांनी सोडलेल्या आणि निसटलेल्या अशा अजगरांनी फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समधल्या सस्तन प्राण्यांची काय दशा केली, हे जगजाहीर आहे. हॉगनोज दिसायला विनोदी असतो, पण मागच्या दातांतून सौम्य विष सोडतो, म्हणून मुलांसाठी नको. विषारी साप तर कुणासाठीच नको.

वाळवंटातला साप का नको? आणि एक मराठी नाव

सखीरच्या बाजूला फिरताना साप दिसला, तर तोच धरून आणावा असं मुलाला वाटू शकतं. तिथे ठाम नकार द्या. कारण सांगताना मात्र एक छान गोष्ट सांगता येते.

अरबी द्वीपकल्पाच्या वाळूत एक छोटा मांडूळवर्गीय साप राहतो. त्याचे डोळे जवळजवळ डोक्याच्या माथ्यावर असतात, त्यामुळे सगळं अंग वाळूत पुरून तो फक्त डोळे बाहेर ठेवून पालीची वाट बघतो. त्याचं शास्त्रीय नाव 'एरिक्स जयकरी'. होय, जयकर! आत्माराम सदाशिव जयकर हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मस्कतला असलेले डॉक्टर. रुग्ण तपासता तपासता त्यांनी ओमानमधले प्राणी आणि मासे जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. १८८८ साली जॉर्ज बुलेंजर यांनी या सापाचं वर्णन केलं आणि त्याला जयकरांचं नाव दिलं. एक सरडा, एक समुद्रघोडा आणि ओमानच्या डोंगरातला अरबी तहर हेही जयकरांच्याच नावाने ओळखले जातात. आखातात आलेल्या आपल्यासारख्यांपैकी विज्ञानात इतकी ठळक सही करून गेलेला दुसरा माणूस मला तरी आठवत नाही.

हा साप मुख्यतः पाली खातो. पेटीत आणला तर उंदीर नाकारून उपाशी मरण्याची भीती जास्त. रानातून धरलेल्या बहुतेक सापांचं असंच होतं: परजीवी, ताण, उपासमार. शिवाय दिसलेला साप बिनविषारीच आहे, हे दहा वर्षांच्या मुलाने ओळखावं अशी अपेक्षा धोक्याची आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला साप तर कधीच उचलायचा नाही. आखाताच्या पाण्यातले समुद्रसाप विषारी असतात आणि मेल्यासारखा दिसणारा साप मेलेला असेलच असं नाही.

खरा प्रश्न: तापमान

साप स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. त्याच्या पचनाचा वेग बाहेरच्या तापमानावर ठरतो. जेवलेला साप गार जागी राहिला, तर पोटातला उंदीर पचण्याआधी कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. म्हणून पेटीत एक ऊबदार टोक आणि एक थंड टोक लागतं, म्हणजे साप आपली जागा स्वतः निवडतो. कॉर्न स्नेकसाठी ऊबदार बाजू ३० अंशांच्या आसपास आणि थंड बाजू २४ च्या आसपास ठेवा. दोन्हीकडे लपायला एकेक खोपा हवा. हीट मॅट लावली तर थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही आणि तो भाजतो.

हे सगळीकडे लिहिलेलं असतं. बहरीनमध्ये मात्र प्रश्न उलटा आहे. तापवण्याचं यंत्र दुकानात मिळतं, थंड ठेवण्याचं यंत्र म्हणजे तुमचा एसी. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दिवसा पारा ४० च्या आसपास जातो आणि रात्रीही ३० च्या खाली क्वचितच उतरतो. तुम्ही एसी बंद करून दीड महिना भारतात गेलात, तर बंद फ्लॅटमध्ये सापाला थंड टोक उरतच नाही. दोन आठवडे न जेवता मोठा साप मजेत राहील. पण ३८-४० अंशांतून सुटकेची जागा नसेल तर तो मरतो, आणि तेही तडफडून.

तेव्हा साप आणण्याआधी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: सुट्टीत एसी चालू राहील का, आणि दर दोन-तीन दिवसांनी येऊन पाणी बदलणारा, एसी चालतोय ना हे बघणारा माणूस कोण? त्या कागदावर नाव येत नसेल, तर साप आणू नका. आणि काचेची पेटी बाल्कनीच्या दारापाशी कधीच ठेवू नका. उन्हात तिची भट्टी होते.

फ्रीझरमधला उंदीर

साप दूध पीत नाही, हे नागपंचमीला आपण दरवर्षी वाचतो. तो शाकाहारीही नाही. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी उंदराचं एक छोटं पिल्लू आणि मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर लागतो. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार जास्त नाही. हे उंदीर गोठवलेले मिळतात. जिवंत उंदीर देऊ नका. तो सापाला चावून गंभीर जखमा करू शकतो आणि उंदराचेही हाल होतात. गोठवलेला उंदीर पिशवीत घालून फ्रीझमध्ये वितळवायचा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. त्यासाठी डबा, चिमटा, भांडं वेगळं, आणि ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

ज्या घरात अंडंही शिजत नाही, तिथे फ्रीझरमध्ये उंदीर हा विषय आधी बोलून घ्या. तीन महिन्यांसाठी आलेल्या आजीला आइस्क्रीम शोधताना तो सापडू नये.

हाताळणी, आणि मुलाला काय मिळतं

नवा साप आणल्यावर आठवडा-दोन आठवडे हात लावायचा नाही. तो आधी दोन-तीनदा नीट जेवू दे. जेवणानंतर ४८ तास हात नाही. डोळे दुधाळ-निळसर दिसू लागले की कात टाकायची वेळ आलेली असते, तेव्हाही नाही. एरवी दोन्ही हातांनी, मध्यावर आधार देऊन, खाली बसून घ्यायचा. आधी हात धुवायचे, कारण हाताला उंदराचा किंवा हॅमस्टरचा वास असेल तर साप बोटाला भक्ष्य समजतो. नंतर साबणाने धुवायचे, ते साल्मोनेलासाठी. सापाचा पापा घ्यायचा नाही. कॉर्न स्नेक चावलाच तर ओरखडे येतात. साबण-पाण्याने धुवा आणि जखम लाल होऊन सुजली तर डॉक्टरांना दाखवा.

मुलाला एक गोष्ट आधीच सांगा: साप कुत्र्यासारखा प्रेम करणार नाही. तो तुमच्या वासाला सरावेल आणि घाबरणं सोडेल, इतकंच. पण एवढ्यातही खूप आहे. जीभ आतबाहेर करून तो हवेतले वासाचे कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. बाहेरचा कान नसूनही जबड्याच्या हाडांतून कंपनं टिपतो. अख्खी कात मोज्यासारखी उलटी काढतो. तारीख, वजन, जेवण, कात आणि दोन्ही टोकांचं तापमान अशी वही मुलाला ठेवू द्या. सहा महिन्यांत त्याच्याकडे स्वतःचा खरा डेटा असेल, आणि भीतीच्या जागी निरीक्षण आलेलं असेल.

विकत घेताना आणि देश सोडताना

पैदास केलेलाच साप घ्या, रानातून धरलेला नको. दुकानदाराला तुमच्यासमोर जेवू घालायला सांगा. बहरीन २०१२ पासून वन्यजीव व्यापाराच्या साइट्स करारात आहे. बॉल पायथन आणि सँड बोआ त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे सीमा ओलांडायला परवाना लागतो. कॉर्न स्नेक त्यात नाही. बिल आणि कागद जपून ठेवा, बहरीनमधले सध्याचे नियम सुप्रीम कौन्सिल फॉर एन्व्हायर्न्मेंटकडे विचारून घ्या आणि घरमालकालाही विचारा. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य खरेदीच्या आधी शोधा, कारण सगळे तपासत नाहीत.

भारतात परतताना साप सोबत नेता येईल हे गृहीत धरू नका. सामानासोबत पाळीव प्राणी आणण्याची सोय कुत्र्या-मांजरांसाठी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक पकडले गेले. म्हणजे आपल्या यादीतलेच साप. म्हणून इथेच, तुमच्यानंतर तो सांभाळणारं घर आधीपासून हेरून ठेवा. वाळवंटात सोडणं म्हणजे सुटका नव्हे. तो बहुतेक उन्हाने मरेल, आणि जगला तर इथल्या पालींचा आणि जयकरांच्या सापाचा घास हिरावेल.

थोडक्यात: घरात पाच वर्षांखालचं कुणी नाही, उन्हाळ्यातल्या माणसाचं नाव ठरलंय, उंदरांचा डबा घरच्यांना मान्य आहे आणि देश सोडताना साप कुणाकडे जाणार हे माहीत आहे, तर आधी पेटी आणा. आठवडाभर रिकामी चालवून दोन्ही टोकांचं तापमान मुलाला रोज लिहायला लावा. सातही दिवस त्याने न सांगता लिहिलं, तर कॉर्न स्नेक बघायला दुकानात जायला हरकत नाही.